मेथीच्या जुडीखालची बाटली

*ताई, आमचं घर दिंडोरी तालुक्यात. सासऱ्यांची, म्हणजे तात्यांची, वाइनच्या द्राक्षांची बाग आहे. रविवारी मटणाचं जेवण आणि सोबत प्रत्येकी एक ग्लास वाइन, अशी आमच्याकडे वीस वर्षांची पद्धत. सासूबाईसुद्धा अर्धा ग्लास घेतात. दोन वर्षांपूर्वी धाकटे भाऊजी नोकरीसाठी पुण्याला गेले आणि येताना बिअर आणू लागले. आधी सगळ्यांनी तोंडं वेडीवाकडी केली. मग यांना आवडली, मग मला, आता सासूबाईही ‘ती केळ्याच्या वासाची आहे का रे?’ म्हणून विचारतात. तात्या मात्र बिअर दिसली की ताट घेऊन ओट्यावर जाऊन बसतात. मागच्या आठवड्यात म्हणाले, ‘शेवटी घरात दारू आलीच.’ आमची चव बिघडली का, ताई? तात्यांना समजावू कसं?*
*– एक सून, वय ३४ (पत्र थोडक्यात दिलं आहे)*

चव बिघडलेली नाही गं, वाढली आहे. वीस वर्षं वाइन हुंगून प्यायलेल्या घराला गव्हाच्या बिअरमधलं केळं सापडलं, यात मला काही नवल वाटत नाही. तिच्यात केळं घातलेलं नसतं, लवंगही नसते. हे दोन्ही वास त्या जातीचं यीस्ट आंबवताना तयार करतं. शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइनमध्ये पेरू, अननस शोधणाऱ्या नाकाला ते लगेच कळणारच. सासूबाईंना माझा नमस्कार सांग, बाई बरोबर ओळखतात.

तुम्ही सगळे ज्या क्रमाने गेलात तोही मला पटला. भाऊजींनी पहिल्याच रविवारी आयपीए नावाची कडूजहर बिअर पुढे ठेवली असती तर तुमच्यातलं कुणी दुसरा घोट घेतला नसता. तो कडवटपणा हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांचा, ती उकळली की उतरतो. वाइन पिणाऱ्याला तुरटपणाची सवय असते, कडूची नसते. मी स्वतः पहिल्यांदा प्यायले तेव्हा कुणी चिराइताचा काढा दिलाय असंच वाटलं होतं. गव्हाच्या बिअरपासून सुरुवात केलीत, ठीक केलंत. शिराझ ही लाल वाइन आवडणाऱ्या तुझ्या नवऱ्याला पुढे कधी स्टाउट ही काळी बिअर देऊन बघ. भाजलेल्या धान्याची असते, कॉफीसारखी लागते.

आणि एक गोष्ट तात्यांना कधी पटणार नाही, पण तुला सांगते. काळ्या मसाल्याच्या रश्श्यापुढे तुमची शिराझ हरते. तिखटावर तुरट वाइन घेतली की तोंड आणखी पेटतं. थंडगार, कमी कडू बिअर तिथे जास्त बरी वागते. रविवारच्या मटणाने तुम्हाला हळूहळू बिअरकडे ढकललं असणार, असा माझा अंदाज आहे.

आता तात्या. तुझ्या पत्रात एक ओळ आहे, तू ती सहज लिहून पुढे गेलीस. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, मेथीच्या जुड्यांखाली ठेवता, म्हणे, ‘तात्यांना दिसायला नको म्हणून’. अगं, ज्या माणसाला पानावरचा भुरी रोगाचा ठिपका दहा फुटांवरून दिसतो, त्याला मेथीखालची बाटली दिसणार नाही? त्यांना ती पहिल्याच आठवड्यात दिसली असणार. आणि लपवलेली दिसली, हे जास्त वाईट झालं. वाइन तुमच्याकडे कधी कुणी लपवली होती का? ती कपाटावर उभी असायची, पाहुण्यांना दाखवली जायची. जे लपवावं लागतं ती दारू, हा हिशोब तात्यांनी मांडलेला नाही. तो तुम्हीच त्यांच्यापुढे मांडलात.

ते एवढे का दुखावले, याचं उत्तरही तुझ्याच पत्रात आहे. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, त्यानंतर दोन वर्षांनी तात्यांनी टेबलाच्या द्राक्षांची अडीच एकर बाग काढून वाइनच्या जाती लावल्या. त्यांची आई माळकरी. गावात लोक म्हणाले, ‘म्हाताऱ्या आईच्या गळ्यात माळ आणि पोरगा दारूची द्राक्षं लावतोय.’ आईची समजूत काढायला त्यांना किती संध्याकाळी लागल्या असतील, विचार कर. मग मंदी आली. वायनऱ्यांकडे माल पडून राहिला, करार कागदावरच राहिले. २०१० साली तात्यांनी दोन एकर बाग स्वतः उभं राहून उपटली. तेव्हा जिल्ह्यात कितीतरी जणांनी उपटली. अर्धा एकर शिराझ मात्र ठेवली. तुझं लग्न व्हायच्या आधीची ही गोष्ट, म्हणून तुला ती ऐकीव वाटते.

त्या अर्ध्या एकरावर तात्यांनी एक वाक्य जगवलंय: ही दारू नाही, हे शेतीचं पीक आहे. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकण्यावरून राज्यभर वाद पेटला, तेव्हाही पारावर हेच वाक्य घेऊन ते भांडले असतील. आणि आता त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्याच मुलाने, द्राक्षाचा एक मणीही नसलेली बाटली आणून ठेवली. वीस वर्षांचा त्यांचा युक्तिवाद तुम्ही मेथीखाली ठेवून दिलात. त्यांनी ताट उचललं ते चवीवरून नाही.

म्हणून त्यांना ‘एक घोट तर घेऊन बघा’ असं अजिबात म्हणू नकोस. हा आग्रह घराघरात होतो आणि मला तो आवडत नाही. नाही प्यायली त्यांनी कधीच, तरी काय बिघडलं?

त्याऐवजी बिअर शेतातून त्यांच्यापर्यंत जाऊ दे. तात्यांच्या खिशात रसातली साखर मोजणारं ब्रिक्स मीटर असेल, तोडणीच्या दिवसांत प्रत्येक बागाईतदाराच्या असतो. मणी पिळायचा, थेंब काचेवर टाकायचा, उन्हाकडे धरून आकडा वाचायचा. बावीस-चोवीस आला की तोडा. तेच यंत्र बिअर करणाराही वापरतो. त्याचा आकडा बाराच्या आसपास, म्हणून बिअर पाचेक टक्क्यांची होते आणि तुमची वाइन तेरा-चौदाची. फरक इतकाच की त्याची साखर फळात तयार मिळत नाही. त्याला सातूला, म्हणजे बार्लीला, मोड आणावे लागतात, ते वाळवावे लागतात, भरडून गरम पाण्यात ठेवावे लागतात, तेव्हा कुठे पिठाची साखर होते. सासूबाईंनी नातवंडांसाठी नाचणीचं सत्त्व केलं असेलच ना? सुरुवातीचा निम्मा रस्ता तोच. आणि सातू उगवतो राजस्थान-हरियाणातल्या शेतांत, तिथेही कुणी तात्या थंडीत पाणी धरत असतीलच.

पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ सुरू झाली, तेव्हापासून तिथे मायक्रोब्रुअरींची, म्हणजे जागेवरच बिअर बनवून देणाऱ्या ठिकाणांची, रांगच लागली आहे. भाऊजींना सांग, एखाद्या ठिकाणी दुपारी, गर्दी नसताना, आधी विचारून तात्यांना घेऊन जा. प्यायला नाही, टाक्या बघायला. मीटर खिशात असू दे. बिअर करणाऱ्या पोराला ते दहा प्रश्न विचारतील आणि त्यातले चार त्याला येणार नाहीत. तात्यांना ते फार आवडेल.

एका बाबतीत मात्र मी तात्यांच्या बाजूने आहे. वाइन तुम्ही ग्लासाने पिता, बिअर बाटलीने. दीडशे मिलीच्या वाइनच्या ग्लासात साधारण वीस मिली अल्कोहोल असतं. साडेसहाशेची साधी बिअर म्हणजे तीसच्या वर, आणि आपल्याकडे दुकानात सगळ्यांत जास्त दिसणारी ‘स्ट्राँग’ म्हणजे पन्नासच्या पुढे. एका बाटलीत अडीच ग्लास वाइन झाली की. ‘बिअरच तर आहे’ म्हणत तुझा नवरा जेवणानंतर मोटरसायकल काढून रात्रीच्या लाइटीवर मोटार चालू करायला मळ्यात जातो, हेही तू लिहिलंयस. ते ताबडतोब बंद. एक बाटली दोघांत, वाइनच्याच ग्लासांत ओता. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं ठेवली तर वासही खुलतो, बर्फासारखी गार असली की केळंबिळं काही कळत नाही. पिण्याचे परवाने घरात असतीलच, नसतील तर बिअरलाही लागतो, काढून घ्या. आणि भाऊजींना घरी बिअर बनवायची हुक्की आली तर हात धरा, आपल्याकडे विनापरवाना तो गुन्हा आहे.

त्यांच्या हौसेला दुसरी वाट आहे. इटलीत बिअर करणारे द्राक्षाचा रस घालून बिअर आंबवतात, ‘इटालियन ग्रेप एल’ असा तिचा प्रकारच मानला जातो. अर्धी वाइन, अर्धी बिअर, कुणाच्याच धर्मात न बसणारी. तुमची शिराझ फेब्रुवारीत तोडणीला येईल. पुण्यातल्या कुणा परवानाधारक बिअरवाल्याला दोन-चार क्रेट प्रयोगाला हवेत का, हे भाऊजींनी विचारून बघावं. ‘हो’ म्हणाला तर पुढचं बोलणं तात्यांवर सोडा. माल द्यायचा की नाही, कितीला द्यायचा, पैसे आधी की नंतर, हे त्यांना ठरवू दे. ‘आधी’च म्हणतील, २०१० नंतर कुणीही म्हणेल.

आणि त्या बाटल्या आजच वर काढून दाराच्या कप्प्यात उभ्या कर, वाइनच्या शेजारी. मेथीही निवडून टाक, इतक्या दिवसांत खालची पानं पिवळी पडली असतील.