रोज फोन करतो, तरी बाबा म्हणतात 'माझ्याशी कोणी बोलत नाही'. संवादाचा कोणता नियम चुकतोय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबा ७४ वर्षांचे, आई गेल्यापासून इंदूरला रामबागेत एकटे राहतात. तुम्ही पुण्याहून रोज रात्री ९ वाजता व्हिडिओ कॉल करता, तो दोन मिनिटांत आटपतो. आणि बाबा शेजारच्या काकूंना सांगतात, माझ्याशी कोणी बोलत नाही. तुम्हाला हा अन्याय वाटतो. माझ्या मते बाबा अगदी खरं बोलताहेत.

तुम्हीच लिहिलेला फोन पुन्हा वाचा. "जेवलात?" "हो." "काय केलं होतं?" "खिचडी." "गोळ्या घेतल्या?" "घेतल्या." "बाकी?" "बाकी काही नाही." "बरं, ठेवतो मग."

पहिले तीन प्रश्न म्हणजे हजेरी. एकेका शब्दात उत्तर संपतं, कारण प्रश्नात त्याहून जास्त जागाच ठेवलेली नाही. चौथा तर प्रश्नही नाही. शेग्लॉफ आणि सॅक्स या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये फोनवरची बोलणी तपासून दाखवलं की माणसं फोन एकदम ठेवत नाहीत. आधी एकजण नवं काहीही नसलेलं एखादं वाक्य टाकतो, म्हणजे 'माझं संपलं, तुझं काही असेल तर बोल'. समोरच्यानेही काही काढलं नाही की मग निरोप. मराठीत हे काम 'बाकी?' करतं. बाबांना ती खूण तुमच्याहून जास्त कळते. मुलाला फोन ठेवायचाय हे ओळखून ते 'बाकी काही नाही' म्हणतात, आणि दिवसभर जे सांगायचं म्हणून ठेवलेलं असतं ते तसंच राहतं. तेव्हा पहिली पंधरा मिनिटं 'बाकी?' तोंडातून निघता कामा नये. बोलणं थांबलं तर थांबू द्या, मनात पाच आकडे मोजा. बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या आकड्याला तेच काहीतरी काढतात.

दुसरी गोष्ट. प्रत्येक वाक्यात दोन निरोप असतात: एक मजकुराचा, दुसरा नात्याचा. मानसशास्त्रज्ञ वॉट्झलाविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये हे मांडलं, आणि या विषयात यापेक्षा उपयोगी वाक्य मला माहीत नाही. 'गोळ्या घेतल्या?' यातला मजकूर गोळ्यांचा आहे. नात्याचा निरोप मात्र 'मी तपासणार, तुम्ही हिशोब द्यायचा' असा जातो. काळजी तीच ठेवून 'गोळी बदलल्यापासून सकाळी उठताना गरगरतं का अजून?' असं विचारा. याचं उत्तर फक्त बाबाच देऊ शकतात, म्हणून ते देतात.

आता मुळाकडे येते. विल शुट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये माणसाच्या माणसांकडून तीन गरजा सांगितल्या: आपल्याला सामील करून घेतलं जावं, आपल्या शब्दाला वजन असावं, आणि जिव्हाळा मिळावा. तुम्ही सगळा भर जिव्हाळ्यावर देताय. चाळीस वर्षं घर चालवलेल्या माणसाची उपासमार दुसऱ्या गरजेची होते. त्याचा सल्ला कोणालाच लागत नाही. विचारपूस सगळे करतात, विचारत कोणी नाही.

म्हणून विचारा. पण खोटं खोटं नको, तीन दिवसांत पकडले जाल. ज्यात तुम्ही खरोखर अडलाय तेच काढा: भाड्याच्या घराची अनामत परत मिळत नाहीये, ऑफिसात हाताखालचा माणूस ऐकत नाही, घरी गराडू, म्हणजे आपला तो इंदुरी कंद, तळायचे तर आधी अर्धे तळून गार करायचे की एकदमच. आणि खरी मेख पुढे आहे. सल्ला घेतल्यावर दोन-तीन दिवसांत निकाल सांगायला हवा: 'तुम्ही म्हणालात तसं पत्र दिलं, तो माणूस नरमला.' सल्ला पटला नसेल तर कारणासकट तेही सांगा. वाद झाला तर होऊ द्या, वाद घालणारा माणूस आपल्याला मोजतो हे बाबांना कळतं. निकाल कळवलाच नाही, तर दुसऱ्यांदा विचारल्यावर 'तुला योग्य वाटेल ते कर' हेच ऐकू येईल.

'तुम्हाला नाही कळणार ते' असं कधी बोलून गेला असाल, तर ते परत घेता येत नाही. खुलासे करत बसू नका. 'मी तसं बोलायला नको होतं' एवढं म्हणा आणि दुसऱ्याच दिवशी त्याच विषयावर त्यांचं मत घ्या.

व्हिडिओचा हट्ट सोडा. संवादात ९३ टक्के देहबोली असते म्हणून चेहरा दिसायलाच हवा, हे कुठल्या तरी शिबिरात ऐकलेलं असणार. हा आकडा ज्यातून आला ते मानसशास्त्रज्ञ मेहराबियनचे १९६७ चे प्रयोग सुट्या शब्दांवर होते आणि प्रश्न फक्त बोलणाऱ्याच्या भावनेचा होता. सगळ्या बोलण्याला तो आकडा लावू नका असं तो स्वतःच सांगत आला. उलट व्हिडिओत एक खरी अडचण आहे. बोलण्यात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भाग लागतो. २००९ मध्ये दहा भाषांत हे मोजलं गेलं. इंटरनेटवर आवाज तेवढाच उशिरा पोचला की दोघं एकदम बोलू लागतात, दोघं एकदम थांबतात, आणि म्हातारा माणूस माघार घेतो. साधा फोन लावा, आठवड्यातून तीनदा, वीस-वीस मिनिटं, सकाळी. रात्री ९ ला ते थकलेले असतात आणि तुम्हीही. व्हिडिओ रविवारी नातवंडांसाठी ठेवा.

आणि आता ते, जे तुम्ही शेवटच्या ओळीत हळूच लिहिलंय: 'की पुण्यालाच घेऊन येऊ?' आमच्या इंदूरच्या मराठी घरांत हा वाद वर्षानुवर्षं चाललाय आणि दर वेळी मुलंच जिंकतात. मी ठामपणे विरोधात आहे. सँडस्ट्रॉम आणि डन या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये दाखवलं की ज्या दिवशी तोंडओळखीच्या माणसांशी जास्त बोलणं होतं, त्या दिवशी आपण कुठले तरी आहोत ही भावना वाढते. जवळच्यांशीच नव्हे, नुसत्या तोंडओळखीच्यांशी. बाबांकडे ही माणसं आहेत. पोहेवाला जिरावण मसाला जास्त टाकून विचारतो, "भिया, आज देर से?" दूधवाला, वाचनालयातला माणूस, गणपतीच्या वर्गणीला येणारी पोरं. ही वीस-पंचवीस माणसं जमायला चाळीस वर्षं लागली. पुण्याच्या सोसायटीत ते 'अमक्याचे बाबा' होतील. लिफ्टमध्ये कोणी 'तुमचं मराठी जरा हिंदी वळणाचं आहे' म्हणालं की पुढच्या वेळी तोंड उघडणार नाहीत. घेऊन यायचंच असेल तर आधी सहा आठवडे राहायला आणा आणि परतीचं तिकीट काढलेलं त्यांच्या हातात द्या.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. बाबांचे कान तपासून घ्या. वयाने आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात, म्हणजे स, श, फ. माणूस ऐकतो, पण शब्द लागत नाहीत, म्हणून 'हो' म्हणून मोकळा होतो. ओरडून फायदा नाही. सावकाश बोला, आवाजाची पट्टी खाली ठेवा, वाक्याच्या सुरुवातीलाच विषयाचं नाव घ्या. आणि दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, पोह्यांच्या दुकानापर्यंतही जाणं बंद झालं असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवून या आठवड्यात इंदूरला या आणि त्यांना डॉक्टरांकडे न्या.