जबड्याचा सांधा, स्प्लिंट आणि ‘अर्धवट सोडलेले’ उपचार

तुम्ही विचारले आहे की वर्षभर कानापुढे कट्ट असा आवाज येतो, सकाळी जबडा ठणकतो, डॉक्टरांनी आधी स्प्लिंट (दातांवर बसवायचा प्लास्टिकचा साचा) आणि नंतर दातांचे उंचवटे यंत्राने घासून चाव, म्हणजे वरखालचे दात एकमेकांवर टेकण्याची पद्धत, जुळवून घेण्याचा सल्ला दिला आहे, तर हे करावे का आणि दुखणे कायमचे जाते का. घरच्यांचे म्हणणे असे की एकदा सुरू केलेले उपचार अर्धवट सोडू नयेत. हे शेवटचे वाक्य वाचून मी लिहायला बसले, कारण तेच वाक्य मी नऊ वर्षे माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून ऐकत आले आहे.

मी साताऱ्यातील एका शाळेत गणित शिकवते. कॉलेजात असल्यापासून उजव्या बाजूचा सांधा वाजत असे, पण दुखत नसल्यामुळे मी लक्ष दिले नाही, आणि ते योग्यच होते; नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल तर त्याच्यामागे लागण्याचे कारण नाही. पुढे कान दुखू लागला. कानात घालायचे थेंब दोन महिने झाले, कान तपासणीत निर्दोष निघाला आणि दुखणे तसेच राहिले. त्यानंतरच्या संक्रांतीला दोन-तीन दिवस तिळाची कडक चिक्की खाण्यात आली आणि सांध्याचा आवाज एकाएकी बंद पडला. मला बरे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरीचा घास घेताना कळले की तोंड दोन बोटांपलीकडे उघडतच नाही. या सांध्यात हाडांच्या मध्ये एक चिवट चकती असते. ती पुढे सरकलेली असली की तोंड उघडताना पुन्हा जागेवर येते आणि तोच आवाज आपण ऐकतो. ती जागेवर येईनाशी झाली की आवाज थांबतो आणि जबडा अडतो. हे तेव्हा मला कोणी सांगितले नाही.

दादा मला पुण्यातील एका दवाखान्यात घेऊन गेला. तेथे निळा कागद चावायला देऊन दाढांवर जेथे डाग उमटतील तेथे घासायचे, असे दोन वेळा झाले. चार दाढांचे उंचवटे गेले. थंड पाण्याने कळ येऊ लागली, आणि त्याहून वाईट म्हणजे दात एकमेकांवर नेमके कुठे टेकतात हेच मला समजेनासे झाले. मी दिवसभर दात दाबून ती हरवलेली जागा शोधत असे आणि त्या दाबण्यानेच गालाचे व कानशिलाचे स्नायू रात्री आग ओकत. तिसऱ्या वेळी मी खुर्चीत बसण्यास नकार दिला. पैसे दादाने आगाऊ भरले होते. ‘तू मध्येच सोडलेस म्हणून दुखते’, हे त्याचे मत त्या दिवशी ठरले ते आजतागायत तसेच आहे.

दादाचे म्हणणे अगदीच निराधार होते असे मी म्हणणार नाही. १९३४ साली अमेरिकेतील कानाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी कानाच्या तक्रारींचा संबंध या सांध्याशी जोडला आणि मागचे दात पडून चाव बिघडल्याचे कारण दिले. दातांना दोष देण्याची ती समजूत पुढे कित्येक दशके टिकली. पण २०१० साली तेथील दंतसंशोधकांच्या संघटनेनेच स्पष्ट केले की ठोस कारण नसेल तर या दुखण्यावरचे उपचार सौम्य आणि मागे घेता येण्याजोगे असावेत. घासलेला दात परत उगवत नाही. जे मागे घेता येत नाही ते थांबवणे म्हणजे उपचार अर्धवट सोडणे नव्हे, आणि हे मी तुमच्या घरच्यांइतकेच माझ्या दादालाही सांगत आहे.

मला खरा उपयोग झाला तो एका दंत महाविद्यालयातील ओरल मेडिसिन (तोंड व जबड्याच्या आजारांच्या) विभागात. तेथील डॉक्टर बाईंनी आधी पट्टी लावून मोजले: तोंड पूर्ण उघडल्यावर वरच्या व खालच्या पुढच्या दातांमधील अंतर २४ मिलिमीटर भरले. साधारणपणे ते ४० किंवा त्याहून अधिक असते. मग त्यांनी विचारले, ‘आत्ता, या क्षणी, तुमचे दात एकमेकांना टेकलेले आहेत का?’ टेकलेले होते. ओठ मिटलेले, दात सुटलेले आणि जीभ हलकेच टाळूला, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती असते आणि चावणे-गिळणे सोडल्यास दात टेकण्याचे काहीच कारण नसते, हे मला त्या वयात प्रथम कळले. मी घड्याळावर, फ्रिजवर आणि तपासायच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर लाल टिकल्या चिकटवल्या; टिकली दिसली की दात सोडायचे. सर्वाधिक वेळा दात आवळलेले सापडत ते उत्तरपत्रिका तपासताना. जोडीला गरम ओल्या टॉवेलचा शेक, जीभ टाळूला ठेवून हळूहळू तोंड उघडण्याचा व्यायाम दिवसातून सहा वेळा, जांभईच्या वेळी हनुवटीखाली मूठ, आणि काही आठवडे खिचडी किंवा आमटीत कुस्करलेली भाकरी. ऊस, फुटाणे आणि चिक्की बंद. आठ महिन्यांनी अंतर ३९ मिलिमीटर झाले. परीक्षांच्या दिवसांत अजूनही दुखते, पण आता ते माझ्या आवाक्यात असते.

स्प्लिंटबद्दल माझे मत असे की तो घेतला तरी चालेल, नाही घेतला तरी चालेल. रात्री दात खाण्याची सवय असेल तर दातांची झीज वाचते, पण केवळ त्यानेच दुखणे जाईल या भरवशावर राहू नका. घेण्यापूर्वी डॉक्टरांना एवढेच विचारा, की हा वापरणे थांबवले तर माझे दात आज आहेत तसेच राहतील ना? उत्तर ‘नाही’ असेल, किंवा दात घासणे हाच पुढचा टप्पा ठरलेला असेल, तर दुसऱ्या ठिकाणी दाखवा.

मी डॉक्टर नाही, हे सुरुवातीलाच सांगायला हवे होते. सुपारी किंवा गुटखा खाण्याची सवय असेल, तिखटाने तोंडात आग होत असेल आणि तोंड हळूहळू कमी उघडत असेल, तर तो सांध्याचा नव्हे, तोंडाच्या आतल्या त्वचेचा आजार असू शकतो आणि त्याचे पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकते. सूज, ताप, चेहऱ्याला बधिरपणा किंवा चालताना-जिना चढताना जबड्यात येणारी कळ असेल, तर माझे वरचे सर्व बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.