हुत की हूत? रस्त्याच्या पाटीवरचा एक उकार

प्रश्न असा आहे: युद्धात पराक्रम केलेल्या गावच्या जवानाचं नाव रस्त्याला द्यायचं ठरलंय. पाटीवर नावाआधी 'शहीद' लिहावं की 'हूतात्मा'? आणि शेवटी मार्ग, पथ की नुसता रस्ता?

आधी तो उकार ऱ्हस्व करा. 'हुत' आला 'हु' धातूपासून, म्हणजे अग्नीत अर्पण करणं. होम, हवन, आहुती ही त्याचीच भावंडं. 'हूत' आला 'ह्वे'पासून, म्हणजे हाक मारलेला. हुतात्म्यानं स्वतःची आहुती दिलेली असते. हूतात्मा फक्त प्लँचेटवर येतो! 'आहुती'ची 'आहूती' करणारेही याच पंथातले. पेंटरला मजकूर फोनवर सांगू नका, लिहून द्या. संगमरवरात एकदा कोरलं की गेलं.

'शहीद' अरबी, मूळ अर्थ साक्षीदार. त्याला 'हुतात्मा' हा प्रतिशब्द दिल्याचं श्रेय सावरकरांना जातं आणि शब्द झकास आहे. पण 'शहीद' परका म्हणून खोडणाऱ्या शुद्धिवाद्यांनी मग 'जवान' आणि 'रस्ता'ही खोडावेत, दोन्ही फारसीच. सैन्यातल्या मृत्यूसाठी 'शहीद' ही अधिकृत संज्ञा नाही, असं केंद्र सरकारनं २०१५ साली संसदेत सांगितलं होतं. पाटीला त्याची अडचण नाही.

अडचण वेगळीच आहे. दोन्ही शब्द मेलेल्या माणसाचे आहेत आणि लोक ते सरसकट वापरतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढता लढता पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. त्यांना हुतात्मा म्हणा. (सैन्य ब्रिटिशांचं होतं म्हणून नाक मुरडणारे भेटतील. तो वाद इतिहासाचा, शब्दाचा नव्हे.) त्याच रेजिमेंटच्या नामदेव जाधवांना तोच व्हिक्टोरिया क्रॉस ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमासाठी मिळाला. ते परतले आणि १९८४ पर्यंत जगले. त्यांना हुतात्मा कसं म्हणणार? अशा वेळी नुसता हुद्दा लिहावा. फक्त 'कॅ.' असं आखडू नका, एका मात्रेच्या फरकानं कॅप्टनचा कैलासवासी होतो. 'कॅप्टन' पूर्ण लिहा. आणि 'परमवीर चक्र विजेते' कशाला? पदक काही शर्यतीत जिंकलेलं नसतं. 'मानकरी' हा शब्द घरात असताना उसनवारी नको.

आता मार्ग. हा शब्द 'मृग'वरून आला, जनावराचा माग तो मार्ग, असं हल्लीचे बहुतेक व्युत्पत्तिकार ठोकून देतात. माग, मागोवा, मागे ही मराठी पिल्लावळ त्यांच्या बाजूनं साक्षीला उभी करतात. पिल्लावळ 'मार्ग'चीच आहे, मान्य. पण त्यावरून 'मार्ग'चा बाप कसा ठरतो? 'मृग्' धातूला घञ् (धातूपासून नाम करणारा) प्रत्यय लावला तर गुण होऊन, म्हणजे ऋ चा अर् होऊन, 'मर्ग' व्हायला हवा. 'मृज्' घ्या, पुसणं, साफ करणं, ज्यावरून मार्जन आणि स्वतःला सारखं चाटून साफ करणारं मार्जार. पाणिनी सांगतो 'मृजेर्वृद्धिः', म्हणजे इथे वृद्धीच होते, ऋ चा आर्. आणि ज चा ग होतो तो त्यज्-त्याग, युज्-योग यांच्यासारखा. मार्ग सरळ हाती येतो. मृगवाले मग तद्धित, म्हणजे धातूऐवजी नामाला लागणाऱ्या, प्रत्ययाच्या आडोशाला जातात. जाईनात! साफ केलेली वाट तो मार्ग.

याचा उत्तम दाखला कारवारचे रामा राघोबा राणे. बॉम्बे सॅपर्सचे (लष्कराच्या इंजिनिअर दलाचे) हे सेकंड लेफ्टनंट, पुढे मेजर झालेले, ८ ते ११ एप्रिल १९४८ या चार दिवसांत नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढत आणि झाडं पाडून केलेले अडथळे हटवत रणगाड्यांना वाट करून देत होते, तेही पहिल्याच दिवशी जखमी होऊन. त्याबद्दल परमवीर चक्र मिळालं, जिवंतपणी. कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे. 'मेजर रामा राघोबा राणे मार्ग' अशी पाटी लागली तर त्यातला शेवटचा शब्द नुसता रस्त्याचा वाचक राहणार नाही, धात्वर्थानं ते त्यांचं काम असेल. ना शहीद, ना हुतात्मा, आणि काही कमी पडलेलं नाही.

पथ? चालेल. पाटी लहान असेल तर बरंच, त्यात ना काना, ना रफार.