चक्कर येते म्हणणाऱ्या गरोदर बाईला आधी विचार

प्रिय डॉक्टर,

आता ओपीडीत बसायला लागलीस, की ‘मॅडम, चक्कर येते’ हे रोज कानावर पडेल. ऐकलं की हात आपसूक लोहाच्या गोळ्या लिहायला जातो. जरा थांब. डोळ्यांपुढे अंधारी येते, खोली गरगर फिरते, की चालताना तोल जातो? काय करताना होतं, किती वेळ टिकतं? एवढं विचारलंस तरी निम्मं काम होतं.

अंधारी येणाऱ्याच जास्त भेटतील. गरोदरपणात रक्तवाहिन्या सैलावतात, पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत बीपी उतरतं. मग झटकन उठलं की भोवळ येते. बसवून आणि उभं करून, दोन्ही वेळा बीपी घे. हिमोग्लोबिन बघच, मधल्या तिमाहीत १०.५ च्या आणि एरवी ११ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया. दिवस भरत आले की उताणं झोपल्यावर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडतो आणि जीव घाबरा होतो. तपासणीच्या टेबलावर आपणच तिला तसं झोपवतो, तेव्हा लवकर कुशीवर वळव.

खोली फिरते म्हणाली, तर मात्र खुर्ची पुढे ओढून ऐक. कूस बदलली की गरगरतं, मिनिटाच्या आत थांबतं, असं असेल तर आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरलेले असण्याचीच शक्यता जास्त. लोहाने हे बरं होत नाही. डिक्स-हॉलपाइक चाचणी कर. मान वळवून तिला आडवी केलीस की काही सेकंदांत बुबुळं झटके देत फिरू लागतात आणि ती तुझं मनगट घट्ट धरते. म्हणून तिला आधीच सांगून ठेव, की हे थांबणार आहे. मग एप्ली पद्धतीने डोकं टप्प्याटप्प्याने वळवून कण परत जागी नेता येतात, तेही गरोदरपणात आणि गोळीशिवाय. पोट मोठं असेल तर उजव्या कुल्ल्याखाली उशी सरकव. ही एक गोष्ट हाताला बसवून घेच. कितीतरी बायका उगाच महिनोन्महिने भीत भीत कूस बदलतात.

तोल जाणं बहुधा वाढत्या पोटामुळे असतं. जिना उतरताना कठडा धरायला सांग. पडली असेल, तर ‘पोटाला लागलं नाही’ म्हणाली तरी रक्तस्राव, पोटाचा ताठरपणा आणि बाळाचे ठोके बघितल्याशिवाय सोडू नकोस.

आता घाई कुठे करायची ते. सुरुवातीच्या आठवड्यांत ओटीपोटात दुखून भोवळ आली, तर गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नलिकेत रुजलाय का बघ. विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा वर असेल, किंवा डोकं दुखून नजर अंधुक झाली, तर घरी पाठवू नकोस. बोलणं अडखळलं किंवा एक बाजू लुळी पडली तरी तेच. आणि आठवडेच्या आठवडे उलट्या होणारी बाई झोकांड्या खायला लागली, तिला एकाचे दोन दिसू लागले, तर ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिन, म्हणजे बी१ जीवनसत्त्व दे. हे चुकलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

पहिली एप्ली करशील तेव्हा मी शेजारी उभी राहीन. आदल्या दिवशी कळव.

तुझी,
मॅडम