घरासमोरची शाळा आणि लॉटरीतलं नाव

प्रश्न : आम्ही पुण्यात हडपसरला भाड्याने राहतो. मुलीसाठी शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) खासगी शाळांत राखीव असलेल्या २५ टक्के जागांमधून ज्युनिअर केजीचा अर्ज भरला होता. शाळा गल्लीच्या तोंडाशी आहे, तरी आमचं नाव प्रतीक्षा यादीत आणि बऱ्याच लांबच्या एका मुलीला प्रवेश. लॉटरी बंद करून जवळच्यांनाच प्रवेश का देत नाहीत? आता आम्ही काय करायचं?

उत्तर : ताई, तुमचा राग समजतो, पण आपल्याकडे नुसती लॉटरी नाही. आधी अंतराचे गट पडतात : शाळेपासून १ किलोमीटरच्या आतले, मग १ ते ३ किलोमीटरमधले. प्रवेशवर्गात, म्हणजे शाळेत जिथून प्रवेश सुरू होतो त्या वर्गात, ८० मुलं असतील तर राखीव जागा २०. एक किलोमीटरच्या आतून ६० अर्ज आले तर विसाच्या वीस जागांची सोडत त्याच साठ जणांत होते, पुढच्या गटाला काहीच उरत नाही. त्यामुळे ती मुलगी खरोखरच लांबची असेल, तर दोघींपैकी एका अर्जावरचं अंतर चुकलेलं असण्याची शक्यता मोठी. तुमच्या अर्जाची प्रिंट काढा आणि त्या शाळेच्या नावासमोर किती अंतर छापलंय ते आधी बघा.

गडबड बहुतेक वेळा ऑनलाइन अर्जातल्या नकाशावर होते. घर दाखवायला जो लाल बलून सरकवायचा असतो, तो सायबर कॅफेत घाईघाईने चौकात किंवा पोस्टाच्या इमारतीवर टेकवला जातो. नकाशा पूर्ण मोठा करून बलून आपल्याच इमारतीच्या छतावर आणायचा, मगच पुढे जायचं. अर्ज एकदा कायम केला की हात बांधले जातात. उलटही घडतं : बलून मुद्दाम शाळेजवळ ठेवला आणि कागदावरचा पत्ता वेगळा निघाला, तर पडताळणीत लागलेला प्रवेश जातो.

आता लॉटरी बंद करण्याचं. साठही जण किलोमीटरच्या आतलेच असताना केवळ मीटर मोजून जागा दिल्या, तर शाळेच्या भिंतीला लागून ज्यांना भाडं परवडतं त्यांचंच फावेल, आणि खोट्या भाडेकरारांचं पीक येईल. शहरभर एकच सोडत काढली तर चार वर्षांचं पोर तासभर व्हॅनमध्ये. सॅन फ्रान्सिस्कोत सरकारी शाळांसाठी शहरभराची सोडत होती. तिथल्या शिक्षण मंडळाने २०२० मध्ये विभागवार पद्धतीकडे वळायचं ठरवलं. माझ्या मते अंतराच्या आत सोडत हाच त्यातला बरा मार्ग. शेजाराचा नियम कसा उलटू शकतो तेही आपण पाहिलंय. राज्य सरकारच्या ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने, किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती त्याच जुलैमध्ये रद्द केली.

पुढच्या वर्षासाठी सांगते. भाडेकरार नोंदणीकृत हवा, किमान ११ महिन्यांचा आणि अर्जाच्या तारखेच्या आधीचा. नोटरीचा कागद चालत नाही. आर्थिक दुर्बल गटातून भरत असाल तर एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला आत्ताच काढायला टाका. जातीच्या दाखल्यावर भरत असाल तर उत्पन्नाची अट नाही. शाळा दहापर्यंत निवडता येतात, तरी पालक दोन नावाजलेल्या शाळांवर थांबतात आणि तिथेच फसतात. प्रत्येक शाळेचा प्रवेशवर्ग वेगळा असतो, म्हणून ज्या शाळांत आरटीई पहिलीपासून सुरू होतं त्यांची यादी वेगळी करून ठेवा. मुलीला तिथे अजून संधी आहे. एकाच मुलीचे दोन अर्ज मात्र भरू नका, दोन्ही बाद होतात. आणि फी माफी आठवीपर्यंतच असते, तेव्हा शाळा निवडताना नववीची फी विचारून घ्या.

यंदाची प्रतीक्षा यादी अजून चालू असेल तर मोबाइलवरच्या मेसेजच्या भरवशावर राहू नका. पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून स्थिती रोज बघा. नाव लागल्यावर कागद दाखवायला थोडेच दिवस मिळतात.