अंदाज सुरू होतो तिथे थांबणारं माणूस लागतं

ताई, नमस्कार.

तुमची मुलगी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जुनी चौकाची घरं जपायची, आजच्या राहणीला जुळवायची आणि त्यासाठी एआय वापरायचं, असं तिने ठरवलंय. तुम्ही विचारता, 'उद्या यंत्रच सगळं करणार असेल, तर हिने शिकायचं कशाला?'

लेझर स्कॅनर घराचे कोट्यवधी बिंदू टिपतो. त्या ढिगातून खांब, तुळया, कमानी वेगळ्या काढणं फार वेळखाऊ. तिथे एआय पहिली चाळणी झटपट लावतं. हे तिने जरूर शिकावं.

पण भेगा ओळखणारी बरीच मॉडेलं काँक्रीटच्या फोटोंवर शिकलेली असतात. लाकूड वाळताना पडलेली साधी चीर आणि भार न पेलवल्याने गेलेला तडा यांत त्यांची गल्लत होऊ शकते. चुन्याच्या भिंतीवरचा डाग यंत्र दाखवेल. वरून मारलेल्या सिमेंटच्या गिलाव्याने ओल आत कोंडली आहे का, हे भिंत हाताळून, ठोकून बघणाऱ्यालाच उमगतं.

याहून मोठा धोका वेगळा आहे. तुटक्या नक्षीचा फोटो दिला की एआय उरलेली नक्षी क्षणात भरतं, आणि ती अस्सल वाटते! जुन्या वास्तूंच्या जतनासाठीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत मात्र स्पष्ट म्हटलंय की जिथे तर्क सुरू होतो, तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. ती रेषा ओळखणारं माणूस तुमच्या मुलीला व्हायचंय.

घर वापरात राहावं, पण त्याची मांडणी बदलू नये, असंही ती सनद सांगते. चौकावर पारदर्शक छत टाकलं की जागा मिळते, पण वर निघून जाणारी गरम हवा अडते. असे बदल आधी इमारतीतल्या उष्णतेचा, ऊर्जेचा हिशोब मांडणाऱ्या 'एनर्जीप्लस'सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तपासता येतात.

नोकऱ्यांचं खरं सांगते: निव्वळ वारसा जतनात जागा थोड्या असतात. पण स्कॅनिंग आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल, तर सर्वेक्षणाची इतर कामंही मिळतात.

या सुट्टीत तिने एकच घर टेपने मोजून हाताने काढावं. मग फोटोंवरून त्याचंच त्रिमितीय मॉडेल करावं आणि दोन्हींत फरक कुठे, का पडला ते लिहावं. मुलाखतीत तीच वही पुढे ठेवायची. पहिला आराखडा झाला की मलाही पाठवायला सांगा.