सेराचा पुतळा की सेराचं शिल्प?

प्रश्न आला आहे तो असा: अमेरिकन शिल्पकार रिचर्ड सेरा यांच्या न्यूयॉर्कमधल्या 'टिल्टेड आर्क' या कामाच्या वादावर मराठीत लिहिताना 'सेराचा पुतळा हटवला' म्हटलेलं चालेल का? पुतळा आणि शिल्प एकच ना?

नाही चालणार. 'सेराचा पुतळा' वाचल्यावर रिचर्ड सेरा स्वतःच कुठल्याशा चौकात धातूचे होऊन उभे होते, असं वाटेल. पुतळ्याआधीचा 'चा' ज्याची आकृती आहे त्याचा असतो, घडवणाऱ्याचा नव्हे. शिल्पाआधीचा 'चं' मात्र घडवणाऱ्याकडेही सहज जातो. 'पुतळा' म्हटलं की लगेच 'कोणाचा?' हा प्रश्न येतो. निषेधाला गवताचा जाळला तरी तो कोणाचा तरीच असावा लागतो. मुळात संस्कृत 'पुत्तल' म्हणजे बाहुली. घोड्याचाही पुतळा होतो, पण काहीतरी ओळखू यायला हवं. (मूर्तीचा इथे संबंध नाही, तिची प्रतिष्ठापना होते, पुतळ्याचं अनावरण.)

आता 'टिल्टेड आर्क'मध्ये ओळखायचं काय? मॅनहॅटनच्या फेडरल प्लाझात, म्हणजे सरकारी कचेऱ्यांसमोरच्या चौकात, १९८१ साली उभा केलेला, १२० फूट लांब, १२ फूट उंच, किंचित कललेला गंजक्या रंगाचा पोलादी पत्रा. चौक ओलांडणाऱ्या कर्मचाऱ्यांना त्याला वळसा घालावा लागे, आणि त्यांच्या लेखी ती सरळ भिंतच होती. १९८५च्या जाहीर सुनावणीत १२२ जण हे काम राहू द्या म्हणाले, ५८ जण काढा म्हणाले. तरीही सुनावणी घेणाऱ्या समितीचा कौल काढण्याकडेच गेला आणि १९८९मध्ये रातोरात त्याचे तुकडे करून ते नेलं. याला 'शिल्प'च म्हणावं लागेल.

माझ्या मते नामापेक्षा क्रियापद जास्त जपायला हवं. मुंबईतला सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५मध्ये काळा घोडा चौकातून राणीच्या बागेत हलवला. तिथेही तो एडवर्डचाच राहिला (चौकाला नाव मात्र घोड्याचंच उरलं). सेरांचं म्हणणं असं की आपलं काम त्या जागेसाठीच घडवलं आहे, तिथून काढलं म्हणजे ते संपलं. त्यामुळे 'शिल्प हलवलं' असं लिहिणं म्हणजे 'ते दुसरीकडेही ठेवता येईल' ही सरकारी बाजू नकळत घेणं. 'हटवलं' किंवा 'काढून टाकलं' बरं.

दोन्ही शब्द एका वाक्यात हवे असतील तर शिकागोला जा. १९६७मध्ये तिथल्या चौकात पिकासोचं ५० फुटी पोलादी शिल्प आलं. बाई आहे, कुत्रा आहे की आणखी काही, यावरच लोकांचं एकमत होईना. जॉन होलेन नावाच्या नगरसेवकाने तर सुचवलं की पिकासोचं शिल्प काढा आणि बेसबॉलपटू अर्नी बँक्सचा पुतळा बसवा. या वाक्यात 'शिल्प' आणि 'पुतळा' यांची अदलाबदल करून पाहा.